दसऱ्याचा पूरा बार

मी दोरी ओढली. बंदुकीवरचा घोडा वाकला, त्याच्या चिमट्यातली जळती वात नळीच्या कानात टेकली, भस्सकन जाळ झाला आणि पांढऱ्या धुराचा एक गोळा वर गेला. पुढे काहीच झालं नाही.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अख्खं गाव बसलं होतं. मागून कोणीतरी हसलं. पांडे वकिलांचा चेहरा खुलला. त्यांचा अशील या केसमधला आरोपी होता आणि त्याची बंदूक पोलीस, पंच आणि सरकारी एक्स्पर्ट यांच्या समोर उडाली नव्हती. वकिलाला याहून जास्त काय हवं असतं?

पण अशीलच उठून उभा राहिला.

"मॅडम, हे बंदुकीची चूक नाही जी," गुलाबभाई म्हणाले. "तिचा कान बुजला हाये. पोलिसाच्या मालखान्यात कोनंतरी तिले ग्रीस लावून देल्लं."

वकिलांनी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

मी तेव्हा नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत बॅलिस्टिक्स सेक्शनला होते. गोळी सुटते कशी, जाते कुठे आणि जिथे लागते तिथे काय करते, याचा अभ्यास म्हणजे बॅलिस्टिक्स. आमच्याकडे यायचे ते बहुतेक देशी कट्टे. पाइपाचा तुकडा, दाराची कडी आणि भांडखोर डोकं एवढ्यावर तयार होणारे. मी मूळची यवतमाळची. वडील कचेरीत नोकरीला होते. त्यामुळे त्या बाजूची केस आली की आमचे साहेब फाइल माझ्याकडे सरकवायचे. तिकडचे साक्षीदार काय बोलतात ते फक्त तुलाच कळतं, हे त्यांचं कारण.

घाटंजीहून आलेलं ते पार्सल माझ्या टेबलावर मावेना. कापडात शिवलेलं, लाखेचे शिक्के मारलेलं, माझ्यापेक्षा उंच. साहेब दारातून बघत होते.

"भाला पाठवलाय का?"

"नाही सर. तोड्याची बंदूक आहे."

"चालते?"

"चालवल्याशिवाय कसं सांगू?"

"मग जाऊन चालव. कोर्टाची परवानगी घे आणि स्वतः जवळ उभी राहू नकोस."

तोड्याची बंदूक म्हणजे काय ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजच्या काडतुसात गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी हे सगळं एकत्र बंद असतं. जुन्या बंदुकीत प्रत्येक गोष्ट वेगळी. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा घालायचा आणि लांब लोखंडी गजाने ठासायचं. म्हणून तिला ठासणीची बंदूक म्हणतात. गोळी मारायची असेल तर गोळीही वरूनच. नळीच्या मागच्या टोकाला एका बाजूने बारीक भोक असतं आणि भोकाच्या बाहेर एक छोटी वाटी. ही वाटी म्हणजे कान. त्या कानात चिमूटभर बारीक दारू ठेवतात, ती रंजक. रंजक पेटली की जाळ भोकातून आत जातो आणि मोठी दारू उडते. भोक बुजलेलं असेल तर नुसती रंजक जळते आणि नळी गप्प राहते. आपण ज्याला फुसका बार म्हणतो तो हाच.

आता रंजक पेटवायची कशी? अगदी सुरुवातीला लोक नळी काखेत दाबून दुसऱ्या हाताने भोकाला निखारा लावायचे. एक हात निखाऱ्यात गुंतलेला, डोळे भोकाकडे. नेम कोण धरणार? मग कोणाला तरी सुचलं की नळीच्या बाजूला एक वाकडा दांडा बसवावा, त्याच्या टोकात जळती वात धरावी आणि खाली चाप ठेवावा. चाप दाबला की दांडा वाकतो आणि वात आपोआप कानात टेकते. शोध एवढाच. पण त्याने दोन्ही हात बंदुकीवर आले आणि डोळे समोर गेले. सैन्यात साधा शिपाई बंदूक चालवायला लागला तो या वाकड्या दांड्यामुळे. त्या दांड्याला घोडा म्हणतात आणि वातीला तोडा. तोडा म्हणजे सुताची दोरी, सोऱ्याच्या पाण्यात उकळून वाळवलेली. ती ज्योत धरत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते.

पुढे युरोपात गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुका आल्या. आपल्याकडे तोडा मात्र नंतरही पिढ्यान्‌पिढ्या टिकला. गारगोटीच्या बंदुकीला चांगली स्प्रिंग लागते आणि चांगला दगड लागतो. तोड्याला गावचा लोहार आणि सूत पुरतं. तोटे होतेच. पावसात तोडा विझतो, वाऱ्यात रंजक उडून जाते, आणि कमरेला दारूची पिशवी बांधलेला माणूस हातात सतत विस्तव घेऊन फिरतो. विस्तवाच्या या धोक्यावरच आमची केस उभी होती.

घाटंजीजवळच्या त्या गावात दसऱ्याला संध्याकाळी पालखी शिवेवरच्या देवीपर्यंत जाते. सोनं लुटायच्या आधी तिथे एक बार निघतो. गोळी नसते, नुसती दारू आणि बोळा. हा बार काढायचा मान गुलाबभाईंच्या घराण्याकडे कधीपासून आहे ते गावात कोणालाच सांगता येत नव्हतं. गुलाबभाईंचं घाटंजीच्या बाजारात स्टोव्ह, कुलपं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. बंदुकीचं लायसन्स त्यांच्या नावावर, वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. उंच, वाळका माणूस. मेंदी लावलेली दाढी आणि छातीच्या खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर.

देवीच्या पलीकडे, एक शेत सोडून, कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई मोकळी करायची. दसऱ्याला सकाळी जिनचा मुहूर्त झाला होता. दुपारी मशीन बंद केलं. संध्याकाळी गुलाबभाईंनी बार काढला आणि लोक सोनं वाटत असतानाच जिनच्या शेडमधून धूर दिसायला लागला. मग जाळ. मागच्या हंगामातली न विकलेली रुई आणि त्या दिवशीची नवी रुई, दोन्ही गेल्या. माणूस एकही भाजला नाही, ही देवीचीच कृपा असं सगळे म्हणत होते.

कापसाचे ते फार वाईट दिवस होते. भाव पडलेले, माल घेताना कटकटी, लोक चिडलेले. आठवड्यापूर्वीच गुलाबभाईंच्या मेहुण्याचा कापूस ओला आहे म्हणून जिनने परत पाठवला होता आणि गुलाबभाई त्यावरून जिनचे मॅनेजर खत्री यांच्याशी फाटकात भांडले होते. खत्रींनी पोलिसांत ते सांगितलं. जळता बोळा मुद्दाम शेडकडे उडवला, अशी तक्रार झाली. गुलाबभाई जामिनावर बाहेर होते. पण गुन्हा शाबित झाला तर माणूस तुरुंगात जाणार होता, बंदूक वितळवली जाणार होती, आणि गुलाबभाईंचं आणि खत्रींचं, एकाच गावातली ही दोन घराणी, जी इतकी वर्षं एकमेकांच्या सणात उभी राहत होती, ती कायमची तुटणार होती. तपास करणारे पीएसआय राऊत तरुण होते. त्यांनी मला फोनवर एकच सांगितलं की मॅडम, काय असेल ते लवकर सांगा, गावात लोक दोन्ही बाजूंनी बोलायला लागले आहेत.

कोर्टाने जागेवरच टेस्ट करायची परवानगी दिली. देवीसमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही एक बैलबंडी उभी केली, तिच्यावर बंदूक दोरांनी बांधली आणि चापाला लांब दोरी लावली. जुन्या नळीचा भरवसा नसतो. ती फाटली तर पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त लागतं. बंडीपासून जिनच्या दिशेने शेतभर थोड्या थोड्या अंतरावर ताडपत्र्या अंथरल्या आणि प्रत्येकीवर सुटी रुई पसरली. बोळा जिथे पडेल तिथे रुई पेटते का, ते बघायचं होतं. पाण्याच्या बादल्या तयार होत्या.

बार किती भरायचा, हा खरा प्रश्न होता. दसऱ्याला भरला तितकाच भरायला हवा. मी गुलाबभाईंना सगळ्यांसमोर विचारलं. वकिलांनी त्यांना आदल्या दिवशीच पढवलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी सांगायचं होतं की बार हलका होता, बोळा जवळजवळ नव्हताच.

गुलाबभाईंनी वकिलांकडे पाहिलं, मग बंदुकीकडे पाहिलं.

"पूरा बार होता जी," ते म्हणाले. "दसऱ्याचा बार हलका कायले भरू? बाजूच्या गावात आयकू गेला पाह्यजे. बोळाबी घट्ट होता. मी खोटं नाही सांगत."

पांडे वकील माझ्या कानाशी येऊन म्हणाले की मॅडम, या माणसाला वाचवायला मला फी मिळते, पण तो मला काम करू देत नाही.

तर असा पूरा बार भरून पहिली दोरी ओढली, आणि सुरुवातीला सांगितलं तसा तो फुसका निघाला. अशा वेळी लगेच जवळ जायचं नसतं. आत एखादी ठिणगी दबून असते आणि माणूस वाकला की बार उडतो. आम्ही बराच वेळ थांबलो. मग मी जाऊन भोकात सुई घातली. काळं, चिकट ग्रीस निघालं. राऊतांनी आपल्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, "साहेब, गंजू नाही म्हणून लावलं."

भोक साफ केलं. नवी रंजक ठेवली, तोडा फुंकून लाल केला. दोरी ओढली.

या वेळी जमीन हादरली. झाडांवरचे सगळे पक्षी उडाले. आवाज शिवेपलीकडच्या टेकडीला जाऊन परत आला. गावकऱ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि गुलाबभाई उभे राहून आजूबाजूला असे पाहायला लागले जणू त्यांच्या मुलीचा बोर्डात नंबर आला होता.

मग धूर विरला आणि सगळ्यांना पहिली ताडपत्री दिसली. तिच्यावर बोळा पडला होता, कडेने लाल धुमसत. बघता बघता रुईवरून जाळ पसरला. राऊतांच्या माणसांनी बादल्या ओतल्या.

टाळ्या थांबल्या. खत्री पुढे आले. ते मोठ्याने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पाहिलं ना मॅडम? पेटते ना?"

"पेटते," मी म्हणाले. खरंच होतं ते. जळत्या बोळ्याने रुई पेटते, हे आता पंचनाम्यात जाणार होतं.

गुलाबभाई खाली बसले होते. त्यांची बायको बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. मला तो क्षण अजून आठवतो. माझ्या पेशात आपल्याला काय वाटतं याला किंमत नसते, पण वाटायचं थोडंच थांबतं.

टेस्ट संपलेली नव्हती. बोळा पेटवतो एवढं कळलं होतं. पोचतो का, ते बाकी होतं. त्या संध्याकाळी वारा जिनकडे होता, असं खत्रींचं म्हणणं, आणि ते साक्षीदारांनीही मान्य केलं होतं. म्हणून वारा त्या बाजूला वळेपर्यंत आम्ही चहा घेत थांबलो. मग एकामागून एक बार काढले. नळी सरळ ठेवून काढले, तोंड वर करून काढले, वाऱ्याच्या झोतात काढले. बोळा म्हणजे चिंधी. गोळी जड असते म्हणून लांब जाते. चिंधीला हवाच अडवते. प्रत्येक बोळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या ताडपत्रीवर पडला. एक थोडा पुढे भरकटला आणि पडेपर्यंत विझून गेला. पुढच्या सगळ्या ताडपत्र्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या. जिनची शेड तर त्याही पलीकडे, कुंपणाच्या आत.

पांडे वकील हात चोळायला लागले. आणि तेवढ्यात गुलाबभाई पुन्हा उठले.

"मॅडम, अजून थोडी दारू टाका. याच्याहून लंबा जाते तिचा बोळा."

वकिलांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गुलाबभाई, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने आहात?"

गुलाबभाईंनी खरोखर विचार केला. "बंदुकीच्या," ते म्हणाले.

धुऱ्यावर हशा पिकला. खत्रीसुद्धा हसले, नंतर त्यांनी तोंड फिरवलं. मी जास्त दारू घातली नाही. तुम्ही स्वतः सांगितला तेवढाच बार भरायचा असं ठरलंय, आणि नळी फाटली तर पुढच्या दसऱ्याला काय कराल, असं मी त्यांना विचारलं. ते त्यांना पटलं.

माझं काम खरं तर इथे संपत होतं. बंदुकीने आग लागू शकत नव्हती, असा रिपोर्ट देऊन मी परतले असते. पण गाव तिथेच राहणार होतं. नुसतं 'नाही' म्हटलं तर लोक म्हणाले असते की एक्स्पर्टला मॅनेज केलं. मी राऊतांना विचारलं की आग शेडमध्ये नेमकी कुठे सुरू झाली.

"शेडमध्येच, मॅडम."

"शेडमध्ये कुठे?"

ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विम्याचा पंचनामा व्हायचा म्हणून शेड हात न लावता जशीच्या तशी ठेवली होती. आम्ही आत गेलो. राऊत, पंच, खत्री आणि मी.

शेड देवीच्या बाजूला उघडी होती. बोळा आला असता तर तिथूनच आला असता. त्या बाजूच्या रुईवर पाय दिला, तर वरचा थर करपून तपकिरी झालेला आणि खाली अजून पांढरी रुई. बाहेरून लागलेली आग रुईवर अशीच वरवर पळते. जाळाला आत शिरायला पुरेशी हवा मिळत नाही. जसजसं आत गेलो तसतसा काळा थर खोल होत गेला. अगदी मागच्या कोपऱ्यात, मशीन हॉलच्या भिंतीला लागून, एक विहिरीसारखा खड्डा होता. तळापर्यंत नुसती राख. वरचे पत्रे वाकलेले, भिंतीचं प्लास्टर गळून पडलेलं. आग सगळ्यात जास्त वेळ तिथे बसली होती. आणि देवीपासून सगळ्यात लांबची जागा तीच होती.

"या कोपऱ्यात काय टाकता?" मी खत्रींना विचारलं.

"मशीनमधून निघालेली ताजी रुई," ते म्हणाले. "मुहूर्ताची इथेच टाकली होती."

आम्ही दारातून मशीन हॉलमध्ये गेलो. जिनिंग मशीनमध्ये एक फिरता रोलर असतो आणि त्याला घासून एक पातं. रोलर रुई ओढतो, पातं सरकी अडवतं. पहिल्या मशीनचा गार्ड काढायला लावला. रोलर आणि पात्याच्या मध्ये बारीक लोखंडी तार गुंडाळली गेली होती. रोलरचं चामडं तिथे जळून कडक झालेलं आणि तारेला काळी रुई चिकटलेली. तार फिरत राहिली, घासून तापली आणि तिच्यावरून गेलेल्या रुईत ठिणगी शिरली. रुईच्या ढिगाच्या पोटात ठिणगी मात्र थोड्याशा हवेवरही दिवसभर न दिसता धुमसू शकते. दुपारी आत गेलेली ती संध्याकाळी वर आली, नेमकी बार निघाल्यानंतर.

तारेच्या एका टोकाला काहीतरी वाळलेलं अडकलं होतं. मी चिमट्याने ओढून हातावर घेतलं. झेंडूच्या फुलाचा देठ.

खत्रींनी वाकून तो देठ पाहिला.

"मुहूर्ताचा कापूस आणलेल्या बंडीला तोरण बांधलं होतं," ते म्हणाले. "दोऱ्याचं टिकत नाही म्हणून तारेत ओवलेलं आणलं. मीच सांगितलं होतं तसं आणायला."

त्यांना मुद्दाम कोणावर आळ घ्यायचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. भांडण डोक्यात होतं, बार कानात होता, आणि लगेच धूर दिसला. त्या तिन्ही गोष्टी एका ओळीत लावायला फार हुशारी लागत नाही. वर मशीनचा दोष निघाला तर विमा बुडेल ही भीती. मी त्यांना सांगितलं की विम्याचं मला कळत नाही, पण अपघात म्हणजे गुन्हा नव्हे, आणि हे जसंच्या तसं तुम्हीच राऊतांना लिहून द्या. बाहेर आल्यावर ते सरळ गुलाबभाईंकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. गुलाबभाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता, एवढं दिसलं. मग दोघंही बंडीवरच्या बंदुकीकडे बघत उभे राहिले आणि गुलाबभाई त्यांना घोडा कसा वाकतो ते दाखवायला लागले. राऊतांना मुद्देमालाला हात लावू नका म्हणून ओरडावं लागलं.

नागपूरला परतल्यावर साहेबांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला.

"तुला बंदुकीबद्दल विचारलं होतं. रोलरबद्दल कोणी विचारलं?"

"सर, फक्त 'बंदुकीने नाही' एवढं लिहिलं असतं तर गावाने दुसरा माणूस शोधला असता."

त्यांनी फिजिक्स सेक्शनच्या माणसाला बोलावून आगीच्या भागावर त्याची सही घ्यायला लावली. त्याने प्रयोगशाळेच्या गच्चीवर रुईच्या गठ्ठ्यात एक ठिणगी दाबून ठेवली आणि कामाला लागला. संध्याकाळी घरी जायच्या वेळी गठ्ठ्याने धूर सोडला. त्याने खाली येऊन सही केली.

कोर्टाने गुलाबभाईंना केसमधून सोडलं. बंदूक परत मिळाली, ग्रीससकट. विम्याचे पैसेही जिनला मिळाले असं राऊतांकडून कळलं. पोलिसांनी एक अट घातली की बार काढताना नळीचं तोंड जिनच्या उलट दिशेला असावं. पुढच्या दसऱ्याला मला आमंत्रण होतं, पण दुसऱ्या एका केसमध्ये साक्ष होती म्हणून जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गुलाबभाईंचा ऑफिसात फोन आला. बार बाजूच्या गावात ऐकू गेला, तिथला माणूस स्वतः येऊन सांगून गेला, आणि खत्री साहेब पालखीत पुढे होते, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

त्यानंतर आगीच्या केसमध्ये माझं नाव आलं की मी एक गोष्ट पाळते. आवाज कोणी केला हे सगळं गाव सांगतं. राख कुठे सगळ्यात खोल आहे, ते मात्र बूट घालून आत जाऊन बघावं लागतं.